रुग्ण, वैद्य आणि माहिती : एका विश्वासाचा इतिहास

वैद्य आणि रुग्ण यांचे नाते मानवी व्यवहारांत अत्यंत जुने आणि तितकेच विलक्षण आहे. इतर कोणत्याही व्यवहारात घेणारा माल पारखून घेतो. कापडाच्या पेढीवर आलेले गिऱ्हाईक पोत चाचपते, ठाण उजेडात धरून पाहते, चार दुकानांत भाव विचारते आणि मगच दाम मोजते. औषधोपचाराच्या बाबतीत यांपैकी काहीही शक्य नसते. उपचार घेण्यापूर्वी तो पारखता येत नाही आणि घेतल्यानंतर परत करता येत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात याच गोष्टीवर बोट ठेवले होते. आजाराविषयी वैद्याला जेवढे ठाऊक असते तेवढे रुग्णाला ठाऊक नसते. म्हणून या व्यवहारात विश्वास हा वरकड गुण राहत नाही, तो व्यवहाराचाच भाग होतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

आज चांदवडच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला आलेल्या शेतकऱ्याच्या खिशातही मोबाईल असतो आणि त्या मोबाईलमध्ये जगातील बहुतेक सर्व रोगांची माहिती असते. रक्ततपासणीचा रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचण्यापूर्वी घरातील तरुण मंडळी तो मोबाईलवर वाचून त्याचा अर्थ लावतात. ज्ञानाच्या ज्या अंतरावर वैद्य-रुग्ण नात्याचा विश्वास उभा होता, ते अंतरच आता कमी झाले आहे. मग विश्वास वाढावयास हवा होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो उणावलेला दिसतो. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी गेल्या पावणेदोनशे वर्षांचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल.

घरातून बाहेर गेलेले ज्ञान

जुन्या काळी आरोग्याचे पुष्कळसे ज्ञान घरातच असे. आजीबाईचा बटवा ही केवळ कौतुकाची गोष्ट नव्हती. सुंठ, ओवा, हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग यांचे गुण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना माहीत असत. गावचा वैद्य नाडी पाही, पथ्य सांगे आणि औषधाची नावे रुग्णाच्याच बोलीत सांगे. हे ज्ञान अपुरे होते, अनेक जीवघेण्या रोगांपुढे ते हतबल होते; परंतु वैद्य आणि रुग्ण यांची भाषा एक होती.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पाश्चात्त्य वैद्यक महाराष्ट्रात रुजू लागले. त्याचे सामर्थ्य मोठे होते. मात्र त्यासोबत वैद्यकाची भाषा इंग्रजी झाली. रोगाचे नाव, औषधाचे नाव, तपासणीचा निष्कर्ष हे सारे सामान्य माणसाच्या समजुतीपलीकडे गेले. ज्ञान वाढले, पण ते घराबाहेर गेले.

या दुराव्याची पहिली मोठी किंमत प्लेगच्या साथीत मोजावी लागली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आढळला. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्यास प्रारंभ होताच तेथे माणसे मारली जातात अशा अफवा पसरल्या आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात लष्करी शिपायांकरवी घरांची झडती घेण्यात आली, त्यातून संताप उसळला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षाच्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. लस हाती होती, परंतु लोकांना समजेल असे कोणी बोलत नव्हते. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निवर्तल्या. आपुलकीने जवळ येणारा माणूस लोकांना हवा होता, याची ती साक्ष आहे.

अफवेला इंटरनेट लागत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा होय. जाणकार मनुष्य गप्प राहिला की अफवा बोलू लागते.

हातगुणाचा काळ

विसाव्या शतकाच्या मध्यात तालुक्याच्या गावोगावी दवाखाने निघाले आणि कौटुंबिक डॉक्टर ही संस्था रुजली. वृद्ध मंडळींना तो काळ आजही स्मरतो. घरून धुऊन नेलेली बाटली, कंपाउंडरने त्यात भरून दिलेले लाल औषध आणि डोसाच्या खुणांसाठी बाटलीवर चिकटवलेली, कातरलेली कागदी पट्टी. त्या औषधात काय आहे हे कोणी विचारीत नसे. ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ एवढे पुरेसे होते. त्या डॉक्टरांना घरातील तीन पिढ्यांचे आजार ठाऊक असत. पैशाची सोय नसेल तर फी वहीत मांडून ठेवली जाई. समाजातील दानशूर मंडळींनी धर्मार्थ दवाखाने काढले; चतुर्विध दानात औषधदानाला स्थान असल्यामुळे अशा कार्यासाठी हात सैल सुटत.

हा विश्वास खरा होता, पण तो अजाणतेपणावर उभा होता, हेही मान्य केले पाहिजे. डॉक्टर रुग्णाला रोगाचे नाव सांगीत नसत आणि क्षयासारखे रोग तर घरचेही लपवीत. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज दोन्ही बाजूंनी दृढ होता.

या मौनाला छेद देणारे लोकही याच महाराष्ट्रात निपजले. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये देहावसान होईपर्यंत चालवले. लोक ज्या शंका डॉक्टरांना विचारण्यास धजत नसत, त्या वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. आज मध्यरात्री मोबाईलला विचारले जाणारे प्रश्न आणि त्या काळी टपालाने येणारे प्रश्न यांचे मूळ एकच, ते म्हणजे समोरासमोर विचारण्याचा संकोच.

पुढे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे आपल्या कार्याचा प्रारंभ केला. गावातील स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर होत्या, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, अतिसार, कुपोषण यांविषयी या स्त्रिया गावाला त्याच्याच भाषेत समजावून देऊ लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वैद्यकाचे ज्ञान सामान्य माणसाच्या हाती दिल्याने डॉक्टरांचे महत्त्व घटत नाही, उलट रुग्ण वेळेवर त्यांच्याकडे पोहोचतो, हे जामखेडने दाखवून दिले. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी येथे डॉ. श्याम अष्टेकर यांनी ग्रामीण भागात वैद्यकसेवा करीत असतानाच मराठीतून आरोग्याचे ज्ञान देण्यासाठी ‘भारतवैद्यक’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे ‘आरोग्यविद्या’ या संकेतस्थळाद्वारे तेच ज्ञान इंटरनेटवर आणले.

कागदपत्रांचा अधिकार

विसाव्या शतकाच्या अखेरीस या नात्यात कायद्याचा प्रवेश झाला. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला होताच. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपचारांची कागदपत्रे रुग्णाला नाकारता येणार नाहीत असे स्पष्ट केले. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनी तर मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदींची प्रत देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि अन्य पर्याय रुग्णाला पुरेसे समजावून सांगितल्यावर मिळालेली संमतीच खरी संमती, असे त्या निकालाचे सार आहे. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांच्या नोंदणीविषयक नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे आवश्यक केले.

या निर्णयांनी रुग्णाचे बळ वाढले यात शंका नाही. त्यासोबत एक अनिष्टही आले. डॉक्टर प्रत्येक रुग्णाकडे भावी तक्रारदार म्हणून पाहू लागले आणि सावधगिरी म्हणून अधिक तपासण्या लिहू लागले. रुग्ण त्या तपासण्यांकडे बिल वाढवण्याची युक्ती म्हणून पाहू लागला. फाईल जाड झाली, बोलणे कमी झाले.

पडद्यावरचा वैद्य

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, मुंबईत डॉ. अनिरुद्ध मालपाणी आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी रुग्णांसाठी विनामूल्य आरोग्य ग्रंथालय सुरू केले. रुग्णाने आपल्या आजाराविषयी वाचावे आणि तयारीनिशी डॉक्टरांकडे जावे, हा त्यामागील विचार. योग्य माहिती ही औषधाइतकीच उपचाराचा भाग आहे, असे ते आग्रहाने मांडत आले. स्वतः डॉक्टर असलेल्या दांपत्याने रुग्णांच्या हाती पुस्तके द्यावीत, ही घटना लहान असली तरी काळाची दिशा दाखवणारी होती. २००० च्या सुमारास डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक घरोघरी वाचले गेले. त्यात एक डॉक्टरच रुग्ण होऊन आपल्या आजाराचा अभ्यास करीत होता.

ग्रंथालयात पुस्तक निवडून देणारा कोणी असतो. इंटरनेटवर खरे आणि खोटे एकाच ओळीत, एकाच ठशात समोर येते. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की डोकेदुखीसारख्या सामान्य तक्रारीचा शोध घेणारा मनुष्य फार लवकर मेंदूच्या गाठीसारख्या विरळा रोगाच्या पानांपर्यंत पोहोचतो. २०१५ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणांवरून रोग सांगणाऱ्या २३ संगणकीय साधनांची परीक्षा घेण्यात आली. त्यांनी पहिल्याच क्रमांकावर अचूक रोग सांगण्याचे प्रमाण ३४ टक्के होते. पुढील वर्षी तुलना केली असता डॉक्टरांचे तेच प्रमाण ७२ टक्के भरले. त्या तुलनेतही डॉक्टरांपुढे केवळ लिहिलेले वर्णन होते. रुग्णाच्या पोटाला हात लावण्याची, श्वास ऐकण्याची, चेहरा पाहण्याची संधी त्यांना नव्हती.

सप्टेंबर २०१६ पासून स्वस्त डेटा खेडोपाडी पोहोचला आणि पडद्यावरचा वैद्य मराठीत बोलू लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांसाठी खुली झाल्यापासून तर तो प्रश्नाला प्रश्नही विचारतो. त्याची भाषा आर्जवी असते, तो कंटाळत नाही, फी मागत नाही. तथापि त्याचे उत्तर चुकले तर त्याची जबाबदारी घेण्यास समोर कोणी नसतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असते, हा भेद लहान नाही.

महासाथीची कसोटी

माहिती आणि विश्वास यांची खरी कसोटी कोरोनाच्या काळात लागली. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, जागतिक आरोग्य संघटनेने रोगाच्या साथीसोबत माहितीचीही साथ पसरत असल्याचा इशारा दिला होता. चांदवडपासून जवळच असलेले मालेगाव एप्रिल २०२० मध्ये राज्यभर चिंतेचा विषय झाले. घरोघरी मोबाईलवर काढ्यांच्या कृती, वाफेचे उपाय आणि गोळ्यांची नावे फिरू लागली. दूरस्थ वैद्यकसेवेसाठी २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्यास अधिकृत मान्यता मिळाली. हे त्या काळातील चांगले फलित.

दुसरी बाजू एप्रिल २०२१ मध्ये दिसली. रेमडेसिविर या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रातील शहराशहरांत औषध दुकानांपुढे रांगा लागल्या. नातलग रात्ररात्र फिरले, काळ्या बाजारात अवाच्या सवा पैसे मोजले गेले, ११ एप्रिल रोजी केंद्र शासनाला निर्यातबंदी करावी लागली. प्रत्यक्षात २० नोव्हेंबर २०२० रोजीच जागतिक आरोग्य संघटनेने, या औषधाने मृत्यू टळतात असे तोवरच्या पुराव्यावरून दिसत नसल्याने, रुग्णालयातील रुग्णांना ते देऊ नये अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये नवा पुरावा आल्यावर ठरावीक रुग्णांसाठी संघटनेने आपले मत बदलले. शास्त्र असेच पुढे जाते. परंतु एप्रिल २०२१ मध्ये ही माहिती कोणाकडे नव्हती असे म्हणता येत नाही. ती इंटरनेटवर सर्वांना खुली होती. तरीही डॉक्टरांनी चिठ्ठ्या लिहिल्या, कारण न लिहिल्यास प्रयत्न केले नाहीत असा ठपका येण्याचे भय होते. नातलगांनी धावाधाव केली, कारण न केल्यास आयुष्यभराची रुखरुख लागण्याचे भय होते. दोघेही एकाच माणसाच्या जिवासाठी झटत होते, आणि दोघांनाही परस्परांशी मोकळेपणाने बोलण्याची उसंत नव्हती. प्लाझ्मा उपचाराचेही तसेच झाले. १७ मे २०२१ रोजी तो राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला, तोवर असंख्य कुटुंबांनी दात्यांसाठी दारोदार संदेश पाठवले होते.

त्या दिवसांत अनेक घरांनी आप्त गमावले आणि दागिने मोडले. त्या दुःखाचा हिशेब मांडण्याचा अधिकार कोणालाही नाही. इतकेच म्हणता येईल की माहितीचा महापूर असूनही निर्णयाच्या क्षणी माणूस एकटा पडला.

दोन मिनिटांचा प्रश्न

२०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ६७ देशांत डॉक्टर प्रत्येक रुग्णाला किती वेळ देतात याचा आढावा घेतला. स्वीडनमध्ये हा वेळ साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, तर भारतात सुमारे दोन मिनिटे आढळला. या समस्येचे मूळ याच आकड्यात आहे. डॉक्टरांजवळ दोन मिनिटे असतात आणि मोबाईलजवळ सारी रात्र. दवाखान्यात न विचारला गेलेला प्रश्न घरी येऊन पडद्यावर विचारला जातो. तेथे मिळालेले अर्धवट उत्तर पुढच्या भेटीत संशय होऊन डॉक्टरांपुढे येते. डॉक्टर त्यावर चिडतात, रुग्ण मनातल्या मनात डॉक्टर बदलतो. बाहेर रांगेत तीस माणसे बसलेली असताना डॉक्टरांना केवळ दोष देणेही न्याय्य होणार नाही.

अशा न बोललेल्या गोष्टी साठत गेल्या की त्यांचा स्फोट होतो. राज्यात डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात नातलगांच्या मारहाणीत एका तरुण डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबवले. १८९६ चे ऑर्थर रोड आणि २०१७ चे धुळे यांत एकशे वीस वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात लस, प्रतिजैविके, सोनोग्राफी, इंटरनेट सारे आले. भयभीत माणसाशी त्याच्या भाषेत बोलण्याची गरज मात्र तशीच राहिली.

यातून मार्ग काढण्यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. रुग्णाने जाताना जुने रिपोर्ट क्रमाने लावून न्यावेत आणि विचारावयाचे दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, म्हणजे दोन मिनिटेही पुरी पडतात. मोबाईलवर जे वाचले ते लपवू नये. ‘असे वाचनात आले, आमच्या बाबतीत ते लागू आहे काय?’ असे सरळ विचारावे. घरी काढा, चूर्ण वा कोणाच्या सांगण्यावरून गोळी घेतली असेल तर तेही सांगावे, कारण दोन औषधांचा परस्परविरोध डॉक्टरांना न सांगता कळत नाही. चालू औषध मात्र पडद्यावरील मजकुरावरून बंद करू नये. डॉक्टरांनीही अशा प्रश्नात अविश्वास न पाहता काळजी पाहावी.

संस्थांनाही येथे वाव आहे. चांदवडने शिक्षणाचे सामर्थ्य फार पूर्वी ओळखले. १९२८ मध्ये कर्मवीर केशवलालजी हरकचंदजी आबड यांनी स्थापिलेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या परिवारात आज औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालयही आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक येथेच आहे. ज्या परिसरात औषधाचे शास्त्र शिकवले जाते, तेथे आठवड्यातून एक दिवस जाणकार व्यक्तीने बसून वृद्धांना त्यांचे रिपोर्ट आणि औषधांच्या वेळा मराठीतून समजावून देणे अशक्य नाही. दानशूरांनी दवाखान्याला खाट दिली, पंखा दिला, रुग्णवाहिका दिली. यापुढे समजावून सांगणाऱ्या माणसाच्या मानधनाचीही तरतूद व्हावी.

१८४५ नंतर घराबाहेर गेलेले ज्ञान आज मोबाईलच्या रूपाने घरात परत आले आहे. ते परत आले ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र त्या ज्ञानासोबत पूर्वी गावचा वैद्य येई. तो घरातील माणसांना नावाने ओळखी आणि औषध दिल्यावर दोन दिवसांनी ‘कसे वाटते?’ म्हणून विचारी. ते विचारणे अद्याप कोणत्याही पडद्याला साधलेले नाही. ते डॉक्टरांनी जपावे आणि समाजाने त्यांना त्यासाठी सवड व सन्मान द्यावा.